पूर्वीचा सूर

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत कांहीं वाक्यें कोणा एकाच्या मालकीचीं राहत नाहींत. मोठ्या पातेल्याप्रमाणें किंवा पाट्यावरवंट्याप्रमाणें तीं सामाईक असतात. एकानें वापरून ठेवलीं कीं दुसरा उचलतो. आमच्या घरांतील अशा सामाईक वस्तूंत 'पूर्वीचें गाणें आतां राहिलें नाहीं' हें वाक्य सर्वांत जुनें असावें. आमचे पणजोबा अकोल्यास वकिली करीत. त्यांच्या तोंडीं तें नेहमीं असे, असें आजोबा सांगत. आजोबांनीं पुढें अमरावतीस बिऱ्हाड केलें, तेव्हां सामानाबरोबर हें वाक्यहि आलें. आमचे थोरले काका आज ८८ वर्षांचे आहेत. जेवणानंतर सुपारी कातरतांना ते तें म्हणतात. आणि गेल्या दिवाळींत पुण्याहून सुटीस आलेला आमचा पुतण्या, ज्याच्या कानांतलीं बिनतारी बोंडें पानावर बसला तरी निघत नाहींत, त्यानें तेंच वाक्य अक्षरशः उच्चारलें, तेव्हां काकांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

पुतण्याचें दुःख मेटॅलिका नांवाच्या अमेरिकन वाद्यवृंदाविषयीं होतें. तो 'रॉक बँड' म्हणतो. आम्हांस 'मंडळी' हाच शब्द सुचतो, कारण आपल्या नाटकमंडळ्यांप्रमाणेंच हे लोकहि जमतात, भांडतात, फुटतात आणि पुन्हा जमतात. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांत ही मंडळी उभी राहिली. आरंभीचें त्यांचें वादन अतिवेगाचें, खरखरीत, आणि एकेक गाणें सात-सात आठ-आठ मिनिटें चालून मध्येंच लय बदलणारें. १९९१ सालीं काळ्या वेष्टणाची जी त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली तींत गाणीं आखूड व साध्या बांधणीचीं झालीं, लय उतरली, आणि खप जगभर अमाप झाला. जुन्या भक्तांनीं तेव्हांपासून सुतक धरलें आहे. पुढें १९९६ त या मंडळींनीं आपले लांब केस कापले, तर त्याचेंहि लोकांनीं मनाला लावून घेतलें!

पुतण्याचा जन्म २००३ सालचा. म्हणजे ज्या गाण्याच्या नासाडीचें त्यास एवढें दुःख, तें तो जन्मण्यापूर्वीं बारा वर्षें नासून गेलेलें होतें. हें आम्हीं त्याच्या नजरेस आणून दिलें, तर तो शांतपणें म्हणाला, "म्हणून काय झालं?"

काकांनीं विचारलें, "लांब होतीं तीं आखूड केलीं, हेंच ना तुझं गाऱ्हाणं?"

"हो, आजोबा."

"माझ्या आजोबांचं गाऱ्हाणं नेमकं उलटं होतं. आखूड होतीं तीं लांब केलीं, म्हणून ते जन्मभर चिडून होते."

एकाचें दुखणें गाणें आखडल्याचें, दुसऱ्याचें लांबल्याचें, आणि वाक्य मात्र एकच! तेव्हां दुखणें लांबी-रुंदीचें नसावें, अशी शंका आम्हांस आली. तिचा विचार आम्ही सवडीनें केव्हां तरी केला असता. परंतु याच वाक्यापायीं आमच्या घरांतील एका मुलीनें गाणें थांबविलें होतें, म्हणून तो तातडीनें करावा लागला. त्या मुलीची हकीकत पुढें येईलच. आधीं पणजोबांची बाजू नीट ऐकून घेऊं.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस नाटक केलें, तेव्हांपासून पुढें बरींच वर्षें नाटकांतलें गाणें म्हणजे सूत्रधाराचें गाणें असे. शोक रामाचा असो कीं गर्जना रावणाची असो, पद सूत्रधार म्हणे आणि पात्र हातवारे करी. १८८० च्या ३१ ऑक्टोबरास पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, त्यांत ज्याचें दुःख त्यानेंच गावें अशी योजना होती. आज ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत विशेष तें काय, असें वाचकांस वाटेल. परंतु गाणें आणि बोलणें यांच्यामधली भिंत त्या रात्रीं पडली. दोन वर्षांनीं आलेल्या 'सौभद्रां'त पदें शंभरावर आहेत. शंभर पदें एका रात्रींत गाऊन घ्यावयाचीं म्हणजे एकेकास वेळ तो किती मिळणार? पात्र बोलतां बोलतां गाई आणि गातां गातां बोलूं लागे. रुसवा पदांत, निरोप पदांत, चौकशी पदांत, थट्टाहि पदांतच.

आणि चाली कोणत्या? साक्या, दिंड्या, कीर्तनांतलीं पदें, लावण्या, कर्नाटकांतून आलेल्या चाली, बायकांचीं घरगुती गाणीं. प्रेक्षक नाटकगृहांत शिरतांना त्यांतल्या कितीतरी चाली कानांत घेऊनच शिरत असे. आमच्या समजुतीप्रमाणें पणजोबांच्या तक्रारीचें मूळ येथेंच आहे. चाल ओळखीची असली कीं कान सरळ शब्दाकडे जातो. चाल अनोळखी असली कीं कान चालीच्या दारांतच घुटमळतो, आणि तोंवर शब्द निघून गेलेला असतो.

पणजोबांचें दैवत भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून किर्लोस्कर मंडळींत आलेले हे गृहस्थ आधीं स्त्रीभूमिका करीत, मागून पुरुषभूमिका करूं लागले, आणि चाळिशीहि न गांठतां १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांतलें आपलें पहिलें ध्वनिमुद्रण केलें तें १९०२ च्या नोव्हेंबरांत, कलकत्त्यास. अवघ्या २१ महिन्यांच्या फरकानें तो आवाज कायमचा गेला. पणजोबा म्हणत, भाऊरावांबरोबर गाणें चितेवर गेलें. या दाव्यांत फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, आणि न्यायाधीशहि तेच. उलटतपासणीची सोयच नाहीं. वकिलास याहून भक्कम बाजू कोणती मिळावी?

या दाव्यांतले आरोपी मात्र आमच्या वऱ्हाडांतलेच होते, ही गोष्ट घरांत थोड्या हळू आवाजांत सांगितली जाते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस आजची पिढी ओळखते ती 'सुदाम्याच्या पोह्यां'चे कर्ते म्हणून, महाराष्ट्रगीताचे कवि म्हणून, किंवा राम गणेश गडकऱ्यांचे गुरु म्हणून. जन्मानें ते नागपूरचे. वकिली त्यांनीं अकोला, खामगांव व जळगांव-जामोद येथें केली, म्हणजे पणजोबांचे ते समव्यवसायीच. १८९६ सालीं त्यांचें 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें आणि त्या नाटकाबरोबर पारशी, गुजराती व उर्दू रंगभूमीच्या उडत्या चाली मराठी पदांत शिरल्या. तरुण प्रेक्षक वेडे झाले. जुन्यांनीं कपाळास हात लावला. चाल नवी, शिवाय तींत बसविण्यासाठीं शब्द वळवून, श्लेषानें भरून घातलेले. तेव्हां अर्थ लागेपर्यंत पद संपून जाई. पणजोबा कोर्टांत कोल्हटकरांशीं हंसून बोलत आणि घरीं येऊन त्यांच्या चालींवर घसरत, असें आजोबा सांगत.

आम्हांस येथें एक गंमत दिसते. वऱ्हाडांत कापसाचा पैसा खेळूं लागला कीं नाटकमंडळ्या येत. भुसावळ, अकोला, बडनेरा हा आगगाडीचा रस्ता त्यांच्या पेट्यांस पाठ झालेला असे. आम्ही वऱ्हाडी लोक म्हणजे ऐकणारे, पाहणारे, पैसे टाकणारे. पण पूर्वीचा सूर मोडल्याची ओरड ज्या ज्या वेळीं झाली, त्यांतल्या निदान तीन वेळीं एक वऱ्हाडी इसम घटनास्थळीं हजर होता. पहिले कोल्हटकर. दुसरे आमच्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी. त्यांचें 'रणदुंदुभि' १९२७ सालीं बळवंत संगीत मंडळीनें केलें. चाली वझेबुवांच्या, गाणें दीनानाथ मंगेशकरांचें, चपळ, झेंपावणारें, कोठें केव्हां कोसळेल याचा नेम नसलेलें. आजोबा तेव्हां सत्ताविशींत होते आणि गंधर्वांच्या मऊ सुरावर पोसलेले होते. आपल्या गांवच्या देशभक्ताचें नाटक म्हणून ते आदरानें पाहून आले, आणि 'भाषणें उत्तम, गाणें घाईचें' असा निकाल त्यांनीं दिला. तिसरे वसंतराव देशपांडे, जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. दीनानाथांच्या गाण्याची ओढ त्यांना लहानपणापासूनची. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' मध्यें त्यांनीं खांसाहेब उभा केला, तेव्हां तिशींत असलेल्या आमच्या काकांनीं नाक मुरडलें. दहा वर्षांनीं तींच पदें ते आंघोळ करतांना गुणगुणूं लागले. आज नव्या गाण्यास झोडपावयाचें असलें कीं ते 'कट्यारी'चाच दाखला देतात!

पण आमच्या घरांतलें खरें दैवत बालगंधर्व. नारायणराव राजहंस १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ त 'मानापमान' झालें, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनीं पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या वळणानें दिल्या. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. आणि १९१६ त 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयानें चाली दिल्या. पदें संख्येनें कमी झालीं आणि एकेक पद मैफलीसारखें पसरूं लागलें. पुढें साथीस सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा, आणि पायांनीं भाता चालविण्याचा ऑर्गन. आजोबा सांगत कीं एकेका पदास वन्समोअरवर वन्समोअर पडत. मध्यरात्र उलटली तरी नाटक दुसऱ्या अंकांतच असे, आणि घरीं येतांना वाटेंत दूध घालणारे गवळी भेटत. पणजोबांचें म्हणणें असें, कीं एवढ्या वेळांत अण्णासाहेबांची सुभद्रा पळून जाऊन लग्न लागून माहेरींहि आली असती!

या ठिकाणीं आमचें स्वतःचें मत सांगून टाकतों. पणजोबा चुकत नव्हते. पद लांबलें तेव्हां बोलणें आणि गाणें यांमध्यें ती पडलेली भिंत पुन्हा थोडी उभी राहिली. पात्र बोलावयाचें थांबून गावयास उभें राहूं लागलें. मात्र बालगंधर्वांची थोरवी अशी कीं इतका विस्तार करूनहि त्यांनीं शब्द बुडूं दिला नाहीं. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांनीं विस्तार तेवढा उचलला. तेव्हां जें गेलें तें खरोखरच गेलें. परंतु तें ज्यांच्या काळांत गेलें त्यांनाच आमचे काका 'पूर्वीचें गाणें' समजतात, आणि पणजोबा ज्याला 'पूर्वीचें' म्हणत तें काकांनीं ऐकलेलेंच नाहीं.

इतकेंच नव्हे. काकांनीं बालगंधर्वांस समोर बसून ऐकलें तें त्यांच्या वृद्धापकाळीं, १९५५ च्या पुढें, एका भजनाच्या बैठकींत. जन्म १८८८ चा असल्यामुळें तेव्हां गंधर्वांची साठी केव्हांच उलटली होती. पक्षाघातानें शरीर खचलेलें होतें. ज्या सुरासाठीं काका हळहळतात तो त्यांस मिळाला आजोबांच्या वर्णनांतून आणि घरांतल्या तबकड्यांतून. आतां तबकडीची गोष्ट अशी कीं तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावतच नसे. नाटकगृहांत अर्धा-पाऊण तास चालणारें पद गायकानें तेवढ्यांत आवळून, मुखडा, अंतरा, चार निवडक जागा आणि एक तान अशा हिशोबानें बसवावयाचें. काका ज्या जागेवर अजूनहि डोळे मिटतात, ती जागा तेथें तशी आली ती बहुतेक सुईच्या धाकानें आली. त्यांचा जुना सूर 'स्वयंवरा'चा कमी आणि एबोनाइटसारख्या त्या काळ्या चकतीचा अधिक. पुतण्या आणि काका या बाबतींत एका नावेंत बसलेले आहेत. दोघांचाहि वियोग वारसाहक्कानें आलेला.

पुढचा इतिहास आम्ही फार लांबवीत नाहीं. १९३३ च्या जुलैंत 'नाट्यमन्वंतरा'नें 'आंधळ्यांची शाळा' केलें, केशवराव भोळ्यांनीं भावगीतासारखीं मोजकीं पदें दिलीं, आणि आतां गाणें आखूड झाल्याची ओरड सुरू झाली. १९६४ त 'मत्स्यगंधा' आलें, मग 'कट्यार'. जितेंद्र अभिषेक्यांनीं नाट्यपद आटोपशीर केलें. २०१५ सालीं 'कट्यारी'चा चित्रपट निघाला तेव्हां त्यांतील वाद्यांचा गजर ऐकून काकांनीं कानावर हात ठेवला. दर वेळीं आरोपी बदलला, आरोपपत्र तेंच.

वाद्यांवरून जे तंटे होतात ते तर सर्व देशांत सारखेच दिसतात. अमेरिकेंत १९६५ च्या जुलैंत न्यूपोर्टच्या लोकगीत-महोत्सवांत बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढल्या वर्षीं मँचेस्टरांत तर एका श्रोत्यानें ख्रिस्ताचा घात करणाऱ्या जूडासाच्या नांवानें त्यास भर मैफलींत हांक मारली. आपल्याकडे पेटी ही मुळांत युरोपांतून आलेली. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलें होतें. आणि आमचे काका पुतणीच्या विजेच्या पेटीस विलायती म्हणून नांवें ठेवतात तीं कशाच्या नांवानें? ऑर्गनच्या!

आतां त्या पुतणीची हकीकत. आमच्या धाकट्या बंधूंची ही मुलगी, वय १९. आठव्या वर्षापासून शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तिनें रीतसर दिल्या आहेत. गळा गोड आहे, आणि गोड गळ्याच्या मुलींत क्वचित् आढळणारी मेहनतहि आहे. कोजागिरीस आमच्या गच्चीवर दूध आटवितात आणि घरांतला प्रत्येक जण एकेक पद म्हणतो, ही आजोबांपासूनची चाल. आरंभीं चावीच्या ग्रामोफोनवर बालगंधर्वांची एक तबकडी लागते, मग माणसें गातात. तीन वर्षांपूर्वीं तिनें 'कट्यारी'तलें एक पद मन लावून म्हटलें. काका 'छान' म्हणाले आणि त्याच दमांत उठून त्यांनीं पुन्हा एक तबकडी लावली, 'हें असं असतं' हें दाखविण्यासाठीं. त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. पण पुढल्या दोन्ही कोजागिरींस तिनें दूध आटविलें, वेलदोडे कुटले, सर्वांस पेले दिले, आणि गाण्याची पाळी आली तेव्हां तिला खालीं कांहीं काम निघालें. घरांत रियाजहि बंद झाला. मैत्रिणीकडे जाऊन गाते, असें तिच्या आईनें आम्हांस हळूच सांगितलें.

आम्हीं तिला विचारलें. ती रडली नाहीं कीं रागावली नाहीं. म्हणाली, "आजोबा माझं गाणं ऐकत नाहींत. माझ्या गाण्यांत जें नाहीं, तें ऐकतात."

या एका वाक्यानें आमची दोन रात्रीं झोंप उडाली. गाण्याचे चाहते म्हणविणाऱ्या घरांत गाणारी एकुलती एक मुलगी मुकी बसावी आणि बैठक मेलेल्या माणसांच्या आवाजावर चालावी, याहून मोठी नामुष्की ती कोणती? आणि दुसरीकडे, काकांना तरी काय सांगावयाचें? त्यांच्या बरोबरीचे सर्व गेले. त्या तबकड्या त्यांच्यापाशीं उरलेली एकच ओळखीची वस्ती. ती खोटी आहे असें ८८ व्या वर्षीं त्यांस पटवून देण्यांत कोणता पुरुषार्थ?

शेवटीं आम्हीं त्यांच्यापाशीं वाद न घालतां एकच प्रश्न विचारला, "काका, तुमच्या आजोबांना जें आवडत असे तें गाणें कसें असे?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोणास ठाऊक. बाबाहि तें म्हणत नसत. बाबा गंधर्वांचं म्हणत." पुतणी दारांत उभी होती. तिनें ऐकलें असावें.

यंदाच्या कोजागिरीस ती गच्चीवर थांबली. आपण होऊन म्हणाली, "मी म्हणते, पण आज तबकडी आधीं नको आणि मागूनहि नको." काकांनीं मान हलविली, होकार कीं नकार तें चांदण्यांत नीटसें दिसलें नाहीं, पण ग्रामोफोनवरचें मखमलीचें कापड निघालें नाहीं हें खरें. तिनें पेटी घेतली नाहीं. 'सौभद्रां'तली एक लहानशी दिंडी तिनें म्हटली. तान नाहीं, आलाप नाहीं; कोणाशीं तरी बोलावें तशी. दोन मिनिटांत संपलीहि. कोणास टाळी वाजविण्याचें सुचलें नाहीं. तिच्या आईनें पदर डोळ्यांस लावला, पण ती बाई शुभ प्रसंगीं नेहमींच लावते.

काकांनीं विचारलें, "हें कोणाचं?"

"अण्णासाहेबांचंच. प्रयोगांत हल्लीं गाळतात."

"मी नव्हतं ऐकलं." मग थोडें थांबून, "शब्द पुन्हा सांग. गाऊं नकोस. नुसते सांग."

तिनें सांगितले. ते ओठांनीं पुटपुटत राहिले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माळ्यावरच्या ट्रंकेंतून पणजोबांचें 'सौभद्रा'चें पुस्तक निघालें. वाळवीनें पुठ्ठा नेला आहे, पण पानें वाचतां येतात. कडेला पणजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. तेव्हांपासून रोज दुपारीं काका व पुतणी तें घेऊन बसतात. त्यांची अडचण निराळीच निघाली. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर स्वरलेखन नसतें. 'चाल' असें छापून त्यापुढें त्या वेळच्या एखाद्या प्रसिद्ध गाण्याचें तोंड तेवढें दिलेलें असतें. १८८२ सालीं तेवढें पुरे होतें. वाचणाऱ्यास तें गाणें येतच असे. आज साकी, दिंडी ओळखूं येतात. कित्येक पदांच्या नांवडती-आवडती चाली नाट्यगायकांनीं परंपरेनें जपल्या आहेत, त्याहि मिळतात. पुतण्यानें पुण्याहून आपल्या यंत्रावर त्यांतल्या बऱ्याच शोधून पाठविल्या. परंतु ज्यांवर ना तबकडी आहे ना कोणा गायकाची आठवण, अशीं पदें पुतणीनें मोजलीं तीं अकरा भरलीं. त्यांच्या डोक्यावर चाल दिलेली आहे. तें मूळचें गाणें मात्र घरांत कोणास येत नाहीं.

परवां काकांनीं अकोल्यास आपल्या थोरल्या भगिनीस, म्हणजे आमच्या आत्यास, फोन लावला. आत्या ९२ वर्षांच्या आहेत. मंगळागौरीचीं, डोहाळजेवणाचीं गाणीं त्यांच्याइतकीं आतां कोणास येत असतील असें वाटत नाहीं. पुतणीनें पुस्तक हातीं धरून एकेका चालीचें नांव मोठ्यानें वाचावयाचें आणि आत्यांनीं 'नाहीं' म्हणावयाचें, असें पुष्कळ वेळ चाललें. सातव्या नांवाला त्या थांबल्या. "हें आजी म्हणायची, जात्यावर," असें म्हणून त्यांनीं दोन ओळी म्हटल्या. आवाज कांपत होता, पण सूर जागेवर होता. पुतणी पुस्तकांतलें पद त्यावर बोटानें लावून पाहूं लागली; काका फोनच्या अगदीं जवळ कान नेऊन बसले.

"पुढें, अक्का?"

"पुढचं आठवत नाहीं बाई आत्तां. उद्यां सकाळीं फोन करा. पूजा झाल्यावर."